शिस्तीची नोटीस आणि आजारपणाची फाइल

महाविद्यालयात शिकवत असताना बरीच वर्षं वसतिगृहाचं रेक्टरपद माझ्याकडे होतं आणि त्यानंतर शिस्तपालन समितीचं अध्यक्षपद. त्यामुळे 'कॉलेजने नोटीस दिली आहे, काय करू?' अशी पत्रं संपादक माझ्याकडे पाठवतात. या वेळी घेतलेल्या चारही पत्रांमध्ये गाठ एकच आहे : वागणं चुकलं, आणि त्यामागे मनाचा आजार होता किंवा असल्याचं सांगितलं जातंय. पत्रं संक्षिप्त केली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिस्टर परीक्षेच्या आधी काही दिवस माझी झोप जवळजवळ उडाली होती, तरी थकवा अजिबात नव्हता. डोक्यात एकामागून एक कल्पना येत होत्या. एका रात्री दोन वाजता मी वसतिगृहात सगळ्यांची दारं ठोठावली, मोठमोठ्याने बोलत सुटलो आणि नोटीस बोर्डाची काच फोडली. कुणाला मारलं नाही. रेक्टर सर आले तेव्हा त्यांनाही नाही नाही ते बोललो. वडील घेऊन गेले, रुग्णालयात ठेवलं, डॉक्टरांनी बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनाचा आजार) असल्याचं सांगितलं. आता औषधं चालू आहेत, झोप नीट लागते. कॉलेजची कारणे दाखवा नोटीस आली आहे. 'बेशिस्त, असभ्य व धोकादायक वर्तन' एवढंच त्यात लिहिलंय. उत्तराला सात दिवस आहेत. वडिलांना तोंडी सांगितलंय की 'वैयक्तिक कारणास्तव एक वर्ष खंड घेत आहे' असा मुलाचा अर्ज द्या, म्हणजे नोटीस मिटेल. वडील म्हणतात, उत्तरात आजाराचं अवाक्षर काढू नकोस, जन्मभर चिकटेल. मी काय लिहू?

उत्तर : तो 'वैयक्तिक कारणास्तव'चा अर्ज देऊ नकोस. नोटिशीचं उत्तर मुदतीत दे. वर्षभर विश्रांती हवी की नको हे तू, घरचे आणि तुझे डॉक्टर मिळून ठरवा. ते रेक्टरांच्या केबिनमध्ये ठरायला नको.

एवढं ठासून सांगते आहे, कारण असे अर्ज मी खूप पाहिले आहेत. निलंबनाचा लेखी आदेश काढायचा तर त्यात आरोप लिहावा लागतो, कारण द्यावं लागतं, मुदत घालावी लागते, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागता येते. लिहून घेतलेल्या अर्जात यातलं काहीच नसतं. कागदावर तू आपल्या मर्जीने गेलेला असतोस. वर्षाने परत आलास आणि 'वसतिगृहात जागा नाही', 'अभ्यासक्रम बदलला', 'फी नव्याने भरा' असं ऐकावं लागलं, तर दाखवायला हातात काही नाही. महाविद्यालयात दिली जाणारी ही सगळ्यात कठोर शिक्षा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती कुठल्याही नियमपुस्तिकेत छापलेली नसते. संस्थेची चौकशी वाचते. पालकांना तर वाटतं, आपल्यावर उपकारच झाले.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातला एक विद्यार्थी २००४ साली नैराश्यासाठी आपणहून रुग्णालयात दाखल झाला आणि विद्यापीठाने त्याच्यावरच शिस्तभंगाचा आरोप ठेवला. त्याने दावा लावला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी सक्तीच्या रजेविरुद्ध २०१८ मध्ये न्यायालय गाठलं, पुढच्या वर्षी समझोता होऊन विद्यापीठाला नियम बदलावे लागले. येलमध्ये आजारपणामुळे बाहेर पडणाऱ्याला नाव काढून घ्यावं लागे आणि परतताना पुन्हा प्रवेशासाठी विनवावं लागे. विद्यार्थ्यांनी दावा दाखल केल्यानंतर २०२३ मध्ये तिथे ती रीतसर रजा झाली, रजेच्या काळात विद्यापीठाचा आरोग्य विमा चालू ठेवता येऊ लागला, आणि तातडीची वैद्यकीय गरज असेल तर कमी विषय घेऊन शिकायची सोय झाली. डॉक्टर म्हणाले की तुला खरंच काही महिने थांबायला हवं, तर अशीच रजा माग : अर्जावर 'वैद्यकीय रजा' हेच शब्द, परत येण्याची तारीख, फी आणि शिष्यवृत्तीचं काय होणार, खोली राखली जाणार का, हे सगळं लिहून आणि पोच घेऊन.

आता नोटिशीकडे येऊ. 'असभ्य व धोकादायक वर्तन' हा आरोप नव्हे, शेरा आहे. कुठल्या तारखेला, किती वाजता, काय घडलं, तक्रार कुणाची, वसतिगृहाच्या कुठल्या नियमाचा भंग झाला, हे तुला कळायला हवं. तक्रारींच्या आणि रेक्टरांच्या अहवालाच्या प्रती माग. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप काय आहे ते कळलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, हा नैसर्गिक न्यायाचा पाया आहे आणि तो महाविद्यालयालाही लागू आहे. नुकताच रुग्णालयातून आला आहेस, तेव्हा प्रती मिळाल्यावर आणखी आठवडाभर मुदत मागण्यात संकोच करू नकोस.

वडिलांच्या भीतीला मी हसण्यावारी नेणार नाही. मनाच्या आजाराचा शिक्का बसतो हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं असणार. पण आजाराबद्दल काहीच लिहिलं नाहीस तर समितीपुढे उरतं काय? रात्री दोन वाजता आरडाओरडा करणारा, काच फोडणारा, रेक्टरांना उलट बोलणारा मुलगा. अशा मुलाबद्दल समितीचा पहिला अंदाज दारू किंवा नशा हाच असतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगते आहे.

एक प्रकरण मला कायम आठवतं. परीक्षेच्या मध्यावर एक मुलगी उत्तरपत्रिका बाकावरच टाकून वर्गाबाहेर निघून गेली होती. पर्यवेक्षकांचा अहवाल चार ओळींचा होता आणि शेवटची ओळ होती : 'विचारल्यावर उत्तर दिले नाही, उद्धटपणे पाहत राहिली.' समितीपुढे तिला मी आधी बसायला सांगितलं, कारण आमच्याकडे विद्यार्थ्याला उभं ठेवायची पद्धत होती. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, छातीत इतकं धडधडत होतं की हात बधिर झाले होते, तोंडातून शब्दच फुटत नव्हता, आता इथेच मरणार असं वाटलं. पॅनिक अटॅक आलेला माणूस असाच दिसतो. तिचं ते पाहत राहणंही त्यातलंच होतं. पर्यवेक्षकांना ते उद्धट वाटलं, कारण दुसरी कुठली शक्यता त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. ती दोन वाक्यं तिने बोलली नसती तर तिच्या फाइलमध्ये 'उद्धट' हाच शब्द कायमचा राहिला असता.

तेव्हा लिही, पण मोजकं लिही. तुझ्या मनोविकारतज्ज्ञांकडून एका परिच्छेदाचं पत्र घे. अमुक तारखेपासून माझ्या उपचाराखाली आहे, त्या काळात आजाराच्या तीव्र अवस्थेमुळे झोप, निर्णयशक्ती आणि स्वतःवरचा ताबा यांवर परिणाम झाला होता, आता प्रकृती स्थिर असून वर्गात बसायला आणि वसतिगृहात राहायला हरकत नाही, आणि पुढे अमुक सोयी लागतील, एवढं त्यात असावं. सोयी म्हणजे तपासणीसाठी आणि रक्तचाचणीसाठी सुट्टी (लिथियम हे औषध चालू असेल तर रक्तातलं प्रमाण वेळोवेळी पाहावंच लागतं), आणि रात्रीची झोप मोडणार नाही अशी खोली. आजाराचं नाव घालायचं की 'मानसिक आरोग्याशी संबंधित आजार' एवढंच लिहायचं हे तू ठरव. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी यांतलं काहीही जोडू नकोस. पत्र बंद पाकिटात, समितीच्या अध्यक्षांच्या नावाने दे.

कायदा तुझ्या बाजूने बोलतो तो कुठे, तेही सांगते. मानसिक आजार हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी रविंदरकुमार धारिवाल यांच्या खटल्यात दिलेला निकाल तुझ्या उत्तरात जरूर घाल. ते केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. मानसिक आजार असताना झालेल्या वागणुकीबद्दल त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती. न्यायालयाने म्हटलं की आजार हे त्या वागण्याचं एकमेव कारण असायची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असला तरी कायद्याचं संरक्षण मिळतं. ती कारवाई रद्द झाली. पण त्याच निकालात न्यायालयाने दलाला असंही सांगितलं की त्यांना पर्यायी काम देताना ते शस्त्रांशी संबंधित नसेल याची काळजी घेता येईल. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो तो या दुसऱ्या भागामुळे. इतरांच्या सुरक्षिततेची तजवीज झाली आणि माणसाला आजारी पडल्याची शिक्षा झाली नाही. खटला नोकरीतला आहे, विद्यार्थ्याचा नाही, हे खरं. तरी समितीला विचार करायला लावण्याइतकं बळ त्यात आहे.

आता तुझ्याकडून काय यायला हवं ते. त्या रात्री दचकून उठलेली मुलं घाबरली होती. त्यातल्या कुणाचा सकाळी पेपर असेल. रेक्टरांना जे ऐकावं लागलं ते त्यांच्या मनात राहिलं असेल. हे आजारामुळे झालं, आणि जे झालं त्याचा इतरांना त्रास झाला, ही दोन्ही वाक्यं तुझ्या उत्तरात असू देत. काचेचा खर्च भरायची तयारी दाखव. उत्तर साधारण असं होईल :

'दिनांक अमुक रोजीच्या घटनेबाबत मला मिळालेल्या नोटिशीचे उत्तर सादर करतो. त्या रात्री माझ्या वागण्यामुळे वसतिगृहातील विद्यार्थ्यांना व रेक्टर सरांना त्रास झाला, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. फुटलेल्या काचेचा खर्च भरण्यास मी तयार आहे. त्या वेळी मी वैद्यकीय उपचारांची गरज असलेल्या अवस्थेत होतो. त्यानंतर माझ्यावर उपचार झाले असून ते चालू आहेत. डॉक्टरांचे पत्र बंद पाकिटात जोडले आहे. ते गोपनीय ठेवावे. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी माझे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे व सुनावणीच्या वेळी पालकांना सोबत आणण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.'

समिती काही अटी घालेल. रात्री अकरानंतर खोलीतच राहणं, समुपदेशकांना महिन्यातून एकदा भेटणं, अशा अटी मान्य कर. मात्र 'आजार पुन्हा उद्भवल्यास प्रवेश रद्द समजावा' अशा मजकुरावर सही करू नकोस. बायपोलर पुन्हा डोकं वर काढू शकतो. ती अट म्हणजे पुढच्या आजारपणाची शिक्षा आजच मान्य करणं.

निर्णय विरुद्ध गेला तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तिने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथेही समाधान झालं नाही तर निर्णय हाती आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

शेवटचं, नोटिशीच्या पलीकडचं. तुझ्या आजारात आधी झोप जाते. पुढच्या वेळी सलग दोन रात्री झोप लागली नाही तर कुणी कुणाला फोन करायचा, हे रूममेटशी आणि घरी आत्ताच बोलून ठेव. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार सज्ञान व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं हे आधीच लिहून ठेवता येतं. बरा असतानाच ते लिहून ठेव.

प्रश्न : मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर आहे. एका मुलीने स्वतःला इजा करून घेतल्याचं तिच्या रूममेटने मला येऊन सांगितलं. उपचार झाले, मुलगी परत आली आहे. आता व्यवस्थापन म्हणतं, तिच्याकडून आणि पालकांकडून 'पुन्हा असे केल्यास वसतिगृह सोडेन' असं हमीपत्र घ्या. इतर मुलींच्या पालकांचेही फोन येतात की तिला हलवा. हमीपत्र घ्यायला माझं मन तयार नाही, पण नाही म्हणायला आधार हवा.

उत्तर : तुमचं मन बरोबर सांगतंय. रूममेट तुमच्याकडे आली हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग आहे. हमीपत्राने नेमका तोच बंद होईल. मैत्रिणीचं नाव सांगितलं तर तिची खोली जाते हे एकदा वसतिगृहात पसरलं, की पुढच्या वेळी तुमच्या दारापर्यंत कुणी येणार नाही. मुलगी जखम झाकायला शिकेल आणि तुम्हाला कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

व्यवस्थापनाला लेखी आधार हवा असेल तर हे द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, आणि तिला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं कर्तव्य मानलं आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच काय तो वेगळा राखला आहे. तुमच्या वसतिगृहातली गोष्ट आत्महत्येचा प्रयत्न होती की असह्य ताण सोसण्याचा तिचा मार्ग, हे डॉक्टर ठरवतील. पण फौजदारी कायद्याने जे गुन्ह्यांच्या यादीतून काढलं ते वसतिगृहाच्या नियमांत गुन्हा म्हणून कसं ठेवता, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारा. तो त्यांना विचारायलाच हवा.

दुसरा आधार त्याहून नवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्यात देशभरच्या शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं, अशा प्रसंगी काय करायचं याची लेखी पद्धत ठरलेली हवी, मदतीचे क्रमांक ठळक जागी लावलेले हवेत. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. तुमच्या संस्थेत यातलं काय काय आहे, याची यादी करून हमीपत्राच्या मागणीला उत्तर म्हणून पाठवा.

आणि कागद हवाच असेल तर दुसरा एक कागद करा. समुपदेशकांच्या मदतीने मुलीनेच लिहिलेलं एक पान : मला त्रास व्हायला लागतो तेव्हा आधी काय जाणवतं, तेव्हा मी काय करून पाहते, वसतिगृहात कुणाला सांगते, रात्री कुणाला उठवायचं, घरी कुणाला फोन करायचा, जवळचं रुग्णालय कुठलं. त्यात वचन नाही, शिक्षा नाही. 'असं करणार नाही' असं लिहून घेतल्याने जीव वाचतो याला पुरावा नाही. आधीपासून तयार असलेल्या अशा योजनेचा मात्र उपयोग होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये असू द्या आणि तुमच्याही. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर तिला एकटं न सोडता रुग्णालयात न्या, फोनाफोनी नंतर.

रूममेटला विसरू नका. अशा वेळी सगळे तिला सांगतात, 'लक्ष ठेव गं.' मग ती रात्री जागते, बाथरूमचं दार पाच मिनिटं बंद राहिलं की तिच्या पोटात गोळा येतो. ती विद्यार्थिनी आहे, पहारेकरी नाही. तिला वेगळं बोलावून विचारा. खोली बदलून हवी असेल तर द्या, आणि त्याचं खापर दुसरीवर फुटणार नाही अशा बेताने द्या. पालकांच्या फोनवर दुसऱ्याच्या मुलीबद्दल एक शब्दही बोलू नका. तुमची मुलगी कशी आहे, तिला काही सांगायचं आहे का, असं विचारा.

कधी कधी वसतिगृहात रात्रीची सोबत देणं शक्य नसतं आणि डॉक्टरांनाही मुलीने काही आठवडे घरी असावं असं वाटतं. तसं असेल तर पाठवा, पण खाट तिच्या नावावर ठेवून, परतायची तारीख लिहून.

प्रश्न : मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातला एक मुलगा बरेच दिवस मला घाणेरडे आणि धमकीचे मेसेज पाठवत होता. मी तक्रार केली. विभागप्रमुख म्हणतात, तो डिप्रेशनच्या गोळ्या घेतो, कारवाई झाली तर जिवाचं काही करून घेईल, तू समजून घे आणि तक्रार मागे घे. मला अपराधी वाटायला लागलंय.

उत्तर : तक्रार मागे घेऊ नकोस. आणि तो अपराधीपणा तुझा नाही.

पहिल्या पत्रातल्या मुलाची बाजू मी एवढी मांडली, म्हणून तुलाही स्पष्ट सांगते. घटना घडली की नाही हे ठरवताना आजाराचा संबंध नाही. घडली असेल तर पुढे काय करायचं, हे ठरवताना आजाराचा विचार जरूर व्हावा. विभागप्रमुखांनी दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी आणून ठेवला आणि दोन्हींचं ओझं तुझ्यावर टाकलं. नैराश्य असलेली बहुसंख्य माणसं कुणालाही धमक्या देत नाहीत, आणि त्यांच्या नावाने असली सवलत मागणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

मेसेज लैंगिक स्वरूपाचे असतील तर विभागप्रमुखांना बाजूला ठेवून थेट अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार दे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम विद्यार्थिनींना लागू आहेत. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समेटाचा विषय फक्त तुझ्या विनंतीवरून निघू शकतो, कुणी तो तुझ्यावर लादू शकत नाही. चौकशी चालू असतानाच प्रॅक्टिकलची बॅच वेगळी करून मिळावी आणि त्याने तुझ्यापासून लांब राहावं, असं लेखी माग. बॅच त्याची बदलावी, तुझी नको. मेसेज पुसू नकोस, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडेही ठेव. पोलिसांकडे जायचा तुझा हक्क या सगळ्यापासून वेगळा आणि शाबूत आहे.

'जिवाचं काही करून घेईल' हे विभागप्रमुखांना खरंच वाटत असेल तर त्यांनी त्याच दिवशी त्याच्या घरी आणि समुपदेशकांना कळवायला हवं होतं. तसं त्यांना एका ओळीच्या ईमेलने लिही आणि प्राचार्यांना प्रत पाठव. त्याचा जीव जपणं ही संस्थेची आणि त्याच्या घरच्यांची जबाबदारी आहे.

प्रश्न : महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करते. शिस्तपालन समितीने एका विद्यार्थ्याची समुपदेशनाची फाइल मागितली आहे, शिवाय मला समितीवर सदस्य म्हणूनही घ्यायचं म्हणतात. देऊ का? जाऊ का?

उत्तर : दोन्हीला नाही म्हणा. ज्या खोलीत मुलं रडतात त्याच खोलीतली व्यक्ती निकालाच्या टेबलावर दिसली, की तुमच्याकडे यायचं ती थांबतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर गोपनीयतेचं बंधन घालतं. उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती देणं, कुणाच्या जिवाला असलेला धोका टाळणं, न्यायालयाचा आदेश, असे ठरावीक अपवाद त्यात आहेत. महाविद्यालयाची शिस्तपालन समिती त्या अपवादांत बसत नाही. तुमचं पद त्या व्याख्येत येतं की नाही यावर कुणी वाद घातला, तरी तुमच्या व्यवसायाची नीती तीच आहे.

विद्यार्थ्याला स्वतःलाच तुमचं पत्र समितीपुढे हवं असेल तर त्याची लेखी संमती घ्या, पत्रातला मजकूर त्याला आधी वाचून दाखवा आणि त्याने मान्य केलेलाच द्या. 'दहा सेशन पूर्ण केल्यावर निलंबन उठेल' असा आदेश आला तर हजेरी तेवढी कळवा, आत काय बोलणं झालं ते नाही. तज्ज्ञाचं मत समितीला हवंच असेल तर त्यांनी बाहेरचे मनोविकारतज्ज्ञ बोलवावेत.

प्राचार्यांना तोंडी नकार देऊ नका, पत्र द्या. मजकूर असा चालेल : 'समुपदेशनातील माहिती विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय देता येत नाही. सदर विद्यार्थ्यास अशी संमती द्यावयाची आहे का, हे मी त्यास विचारून आठ दिवसांत कळवते. समितीच्या सदस्यत्वाबाबत : विद्यार्थ्यांचे समुपदेशन व त्यांच्यावरील निर्णय ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे नसावीत, म्हणून मला त्यातून वगळावे. नोटीस पाठवण्यापूर्वी कोणत्या प्रसंगी विद्यार्थ्याला उपचारांकडे पाठवावे, याची लेखी पद्धत ठरवण्यासाठी मात्र मी समितीसोबत बसायला तयार आहे.' पोच घ्यायला विसरू नका.